वॉल्डनचा हिशेब आणि न आलेलं बिल



अध्यक्षीय भाषणात शैक्षणिक धोरणापासून रिक्त पदांपर्यंत सगळं यावं, असा संकेत आहे. रिक्त पदांचा ठराव उद्या खुल्या अधिवेशनात येणारच आहे, त्याला माझा पाठिंबा आहे, आणि तो विषय मी तिथल्यासाठीच राखून ठेवते. आज बोलायचं आहे ते आपण वर्षानुवर्षं शिकवत आलेल्या अमेरिकन साहित्याच्या पेपरबद्दल, आणि त्यातल्या स्वावलंबनाबद्दल.

गाइडवाल्यांनी हा विषय पार गुळगुळीत करून टाकलाय. फ्रँकलिन म्हणजे कष्ट, इमर्सन म्हणजे आत्मविश्वास, थोरो म्हणजे साधी राहणी आणि व्हिटमन म्हणजे ‘मी’. मुलं एवढं पाठ करतात आणि त्यांच्या डोळ्यांपुढे असा एक देश उभा राहतो, की जिथे जो तो एकटाच निघाला, कुणापुढे हात न पसरता वर आला आणि मग निवांत बसून त्याने पुस्तक लिहिलं. मूळ पुस्तकं उघडली की यातलं फारसं काही हाती लागत नाही. या लेखकांचं स्वावलंबन मताचं होतं, पोटाचं नव्हतं. आणि त्यांच्यातल्या थोरांनी आपण कुणाच्या जिवावर उभे आहोत हे बहुतेक वेळा लिहून ठेवलं आहे. ते आपण वाचत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

मुळात हा व्यक्तिवाद जहाजात बसून इंग्लंडहून आलेला नाही. १६३० साली मॅसॅच्युसेट्सला निघालेल्या प्युरिटन मंडळींपुढे जॉन विंथ्रॉपने जे प्रवचन केलं, त्याचा सगळा भर एकमेकांना धरून राहण्यावर आहे. एकटं पडणं ही त्या लोकांच्या लेखी जवळजवळ शिक्षाच होती. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी बेंजामिन फ्रँकलिन येतो. १७७१ मध्ये इंग्लंडात असताना, मुलाला पत्र लिहावं तसं त्याने आत्मचरित्र लिहायला घेतलं. तेरा सद्गुणांची ती प्रसिद्ध वही, आठवड्याला एक सद्गुण आणि चुकलं की काळा ठिपका, हे सगळं आपण शिकवतो. (टापटीप त्याला शेवटपर्यंत जमली नाही, हे त्यानेच कबूल केलंय, ते मात्र परीक्षेत विचारत नाहीत.) पण त्याच पुस्तकात तो बायकोबद्दल, डेबोराबद्दल लिहितो, की ती पत्रकांच्या घड्या घालून ती शिवायची, दुकान सांभाळायची, कागदवाल्यांसाठी जुन्या चिंध्या विकत घ्यायची. १७३१ साली फिलाडेल्फियात त्याने वाचनालय काढलं, तेही पन्नास वर्गणीदारांकडून प्रत्येकी चाळीस शिलिंग गोळा करून. स्वतःच्या कर्तबगारीचा पुतळा म्हणून ज्याला आपण उभा करतो, तो आयुष्यभर मंडळं काढत होता आणि वर्गण्या मागत होता.

इमर्सनकडे जरा थांबू या, कारण सगळा घोळ तिथे होतो. ‘सेल्फ-रिलायन्स’ हा निबंध १८४१ साली आला. तो नीट वाचला तर त्यात नोकरी, धंदा, पैसा यांचा उपदेश जवळजवळ नाही. लोक काय म्हणतील या भीतीने माणूस स्वतःचं मत गिळतो आणि पुढे तेच मत दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर शरमतो, हा त्या निबंधाचा गाभा आहे. आणि हे कुणी घरबसल्या दिलेलं प्रवचन नव्हतं. १८३२ मध्ये प्रभुभोजनाचा विधी मनाला पटेना म्हणून इमर्सनने बॉस्टनमधलं धर्मोपदेशकाचं पद सोडलं. १८३८ मध्ये हार्वर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात, उद्याचे धर्मोपदेशक समोर बसलेले असताना, त्यांच्याच संप्रदायाचं काय चुकतंय ते सांगितलं. त्यानंतर सुमारे तीस वर्षं हार्वर्डने त्याला बोलावलं नाही. मताची किंमत मोजून झाल्यावर लिहिलेला तो निबंध आहे.

मात्र ही किंमत मोजणं त्याला परवडलं कसं, तेही वर्गात सांगायला हवं. त्याची पहिली बायको एलन १८३१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी क्षयाने गेली. तिच्या वाट्याची इस्टेट कोर्टकचेऱ्या होऊन इमर्सनकडे आली आणि त्यातून वर्षाला सुमारे बाराशे डॉलर मिळू लागले. पगार सोडलेल्या माणसामागे हा आधार होता. याने निबंध खोटा ठरत नाही. पण त्याच निबंधात एक जागा अशी आहे, की जिथे ओळख ना देख अशा गरिबांना एक डॉलर देणंही आपल्या जिवावर येतं, असं इमर्सन म्हणतो, आणि कधीकधी आपण नमतो व देऊन टाकतो याची त्याला लाज वाटते. हा परिच्छेद वाचताना एलनचे बाराशे डॉलर आठवल्याशिवाय राहत नाहीत. माझ्या मते हा त्या निबंधातला सगळ्यात कच्चा भाग आहे, आणि नेमका तोच पुढे धनदांडग्यांच्या कामी आला.

आता थोरो. त्याच्याबद्दल हल्ली एक विनोद फिरतो, की वॉल्डन तळ्याच्या काठी एकांतवास भोगणाऱ्या या ऋषीचे कपडे त्याची आई धुऊन द्यायची. विनोद करणाऱ्यांनी ‘वॉल्डन’ या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचलेलं नसतं. ते प्रकरण म्हणजे चक्क जमाखर्चाची वही आहे. तळ्याकाठच्या घराचा एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. बरीचशी लाकडं जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरला घेऊन, ती मोडून काढलेली. जुन्या हजार विटा चार डॉलर. चुना महाग पडला, अशी बाजूला नोंद. गिलाव्यासाठी केस लागले त्यापेक्षा जास्त आणले, अशी दुसरी. खडू एक सेंट. वाहतुकीचा खर्च थोडका, कारण बराच माल त्याने पाठीवर वाहून आणला. कुऱ्हाड उसनी आणलेली होती, तेही लिहिलंय. परत करताना ती आणली त्याहून जास्त धारदार होती, असं वर ठणकावलंय. घराचा सांगाडा उभा करायला ओळखीची माणसं आली, त्यांच्याबद्दल अभिमानाने सांगितलंय. आणि याच जमाखर्चात, कपडे धुण्याचं आणि शिवण्याटिपण्याचं काम बहुतेक बाहेरच झालं, त्याची बिलं अजून आलेली नाहीत, असं तो स्वतःच नोंदवतो. जमीन तर इमर्सनची होती.

मला हे न आलेलं बिल फार महत्त्वाचं वाटतं. थोरो त्यावर हसतोय का, की खरोखर कानकोंडा झालाय? वाक्य सरळ आहे, पण त्यामागचा चेहरा दिसत नाही. पण लपवायचंच असतं तर त्या ओळीची गरज नव्हती. उसनी कुऱ्हाड, दुसऱ्याची जमीन, बाहेर धुतलेले कपडे, हे सगळं खतावून झाल्यावरच तो म्हणतो की मी माझ्या मताने जगून पाहिलं. हीच शिस्त तुरुंगाच्या प्रकरणातही दिसते. गुलामी चालू ठेवणाऱ्या आणि मेक्सिकोवर चाल करून जाणाऱ्या सरकारला डोईपट्टी देणार नाही, म्हणून १८४६ च्या जुलैत त्याने एक रात्र काँकर्डच्या तुरुंगात काढली. कुणीतरी परस्पर पट्टी भरली आणि दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं. त्याला ते अजिबात आवडलं नाही, पण घडलं तसं सांगून तो मोकळा झाला.

जाता जाता आपल्याकडची एक गोष्ट. वॉल्डनच्या तळ्यातून त्या हिवाळ्यात बर्फ कापून काढायला शंभर आयरिश मजूर आले होते. हा बर्फाचा धंदा तेव्हा समुद्रापार चाले, आणि अमेरिकेतला बर्फ कलकत्त्याला आणि आपल्या मुंबईलाही उतरत असे. आपल्या विहिरीचं पाणी मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक पिणार, या कल्पनेने थोरोला मोठी मौज वाटली. प्रत्यक्षात त्याच्या घरासमोरच्या त्या प्रचंड ढिगातला बराचसा बर्फ तिथेच वितळून तळ्यात परत गेला, तोही १८४८ च्या सप्टेंबरपर्यंत टिकून. मुंबईला त्या तळ्याचा बर्फ पोचला असेल नसेल, पुस्तक मात्र पोचलं. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणलं. त्याच दुर्गाबाई १९७५ च्या डिसेंबरात, आणीबाणी चालू असताना, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीविरुद्ध बोलल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. अध्यक्षीय भाषण कसं असावं याचा तो दाखला डोळ्यांपुढे असताना इथे उभं राहणं सोपं नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. ज्या दशकात इमर्सन आणि थोरो हे सगळं लिहीत होते, त्याच दशकात, १८४५ साली, फ्रेडरिक डग्लसचं आत्मकथन प्रसिद्ध झालं. ते स्वतः लिहिलेलं आहे असं शीर्षकपृष्ठावर बजावून छापावं लागलं, आणि तरी पुढे दोन गोऱ्या गृहस्थांची शिफारस जोडावी लागली. नाहीतर पळून आलेला गुलाम इतकं चांगलं लिहितो यावर विश्वास कोण ठेवणार! या पुस्तकात बाल्टिमोरच्या रस्त्यावरची एक हकिकत आहे. मालकाने शिकणं बंद पाडल्यावर हा पोरगा कामावर जाताना सोबत पाव घेऊन निघायचा. रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना भूक असायची, याला अक्षरांची. पाव द्यायचा आणि धडा घ्यायचा. त्या पोरांची नावं सांगावीशी वाटतात, पण गुलामाला वाचायला शिकवणं हा तिथे गुन्ह्यासारखाच प्रकार असल्याने सांगता येत नाहीत, असं डग्लस लिहितो. आपण पळालो कसे, हेही त्याने त्या पुस्तकात सांगितलं नाही. मदत करणारे अडकले असते, मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली असती. खलाशाचे कागद एका मित्राकडून उसने घेतले होते, हे त्याने १८८१ मध्ये उघड केलं. इथे उपकार लपवलेत ते उपकारकर्त्याला वाचवण्यासाठी. पुढे ‘स्वतःच्या बळावर मोठी झालेली माणसं’ या विषयावर डग्लसने अनेक व्याख्यानं दिली, आणि त्यात स्पष्ट सांगितलं की खऱ्या अर्थाने असा माणूस नसतोच. माझा एक आक्षेप मात्र त्याच्यावरही आहे. पळून जाण्यासाठी पैशांची मदत करणारी त्याची बायको ॲना मरे त्याच्या पुस्तकांत फार थोडी दिसते.

आणि हॅरिएट जेकब्स. थोरोच्या घराची लांबी-रुंदी आपण मुलांकडून पाठ करून घेतो, पंधरा फूट बाय दहा फूट. जेकब्सच्या जागेची मापं किती जणांना माहीत आहेत? नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि सगळ्यात उंच ठिकाणी तीन फूट. नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडंटन गावात आजीच्या घराला लागून असलेल्या पडवीच्या माळ्यावर, मालकाच्या तावडीतून सुटण्यासाठी ती जवळजवळ सात वर्षं लपून होती. तिथे हाताला एक गिरमिट लागलं. त्याने तिने लाकडात एकाशेजारी एक बारीक भोकं पाडली आणि मधली जागा कोरून इंचभर लांबीरुंदीची फट केली. त्या फटीतून खाली खेळणारी स्वतःची मुलं ती बघायची. मालकाची दिशाभूल करायला पत्रं लिहायची आणि कुणाकरवी न्यूयॉर्कहून टपालात टाकायची. तिच्याइतकं स्वतःच्या मताने वागणारं माणूस त्या सगळ्या पेपरात मला दुसरं दिसत नाही. पण तिच्या पुस्तकात पानोपानी आजी आहे, चोरदार करून देणारा मामा आहे, रात्री जेवण आणून देणारे हात आहेत.

पुढे ती तिथून निसटली. १८५२ मध्ये न्यूयॉर्कला ती ज्यांच्याकडे कामाला होती त्या बाईंनी तीनशे डॉलर भरून तिला मालकांकडून सोडवलं. जेकब्सचा याला विरोध होता. मी कुणाची मालमत्ता नाही, तर मला विकत काय घ्यायचं, असा तिचा सवाल. थोरोची पट्टी कुणी परस्पर भरली तेव्हा तोही असाच चिडला होता. दोघांनाही दुसऱ्याने पैसे भरून मोकळं केलं, दोघांनाही ते टोचलं, आणि दोघांनीही ते छापलं. फरक एवढाच, की एकाला एका रात्रीत घरी जाता आलं. जेकब्सचं पुस्तक १८६१ मध्ये आलं, टोपणनावाने, आणि पुढे कितीतरी वर्षं ते संपादिकेने रचलेली कादंबरीच समजलं गेलं. जीन फेगन येलिन यांच्या संशोधनाने १९८० च्या दशकात तिचं पुस्तक तिला परत मिळालं.

अमेरिकेतल्या गुलामांच्या लढ्याशी आपला दुवा जुना आहे, त्याचं आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलेल्या जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. अमेरिकेतलं नेमकं काय घ्यायचं, हे पुण्यात तेव्हाच कुणाला तरी कळलं होतं.

आमच्या वर्गांत आज पहिल्या पिढीतली मुलंमुली आहेत. वसतिगृहाची फी कुणी भरली, पुस्तकं कुणाकडून आणली, धाकट्या बहिणीने शाळा सोडली म्हणून आपली चालू राहिली, हे त्यांना पक्कं माहीत असतं. त्यांच्यापुढे आपण एकट्याच्या बळाचा इमर्सन ठेवला तर ती गप्प बसून पाठ करतील. जेकब्स ठेवा, ती बोलायला लागतील, आणि मग इमर्सनशीही भांडतील.

अभ्यास मंडळांवर बसलेल्या सहकाऱ्यांना म्हणून एक विनंती. ‘सेल्फ-रिलायन्स’ काढू नका. तो असलाच पाहिजे, डॉलरच्या परिच्छेदासकट. पण त्याच युनिटमध्ये ‘वॉल्डन’चं पहिलं प्रकरण जमाखर्चासह लावा, आणि जोडीला डग्लसचा बाल्टिमोरचा भाग व जेकब्सचं माळ्याचं प्रकरण. हे सगळं साहित्य स्वामित्वहक्कातून कधीच मोकळं झालंय. उतारे छापायला कुणाची परवानगी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. पुढच्या बैठकीत प्रस्ताव मांडा. लेखी मसुदा मी संयोजकांकडे देऊन ठेवला आहे.