किरणांचा माग



कोल्हापूरकरांना किरणोत्सव समजावून सांगावा लागत नाही. मावळतीचा किरण महाद्वारातून सरळ गाभाऱ्याकडे येतो. वाटेत एखादी उंच इमारत आली की देवीपर्यंत पोहोचत नाही. किरण सरळ जातो, अडला की सावली पडते. संगणकावरील खेळांतील 'रे ट्रेसिंग'चे मूळ तत्त्व हेच होय.

एरवी खेळातील प्रतिबिंबे बहुधा युक्तीने बसवितात. समजा, रंकाळ्याचे दृश्य आहे. पाण्यातले प्रतिबिंब पडद्यावरच्या चित्रातूनच उचललेले असते. म्हणून शालिनी पॅलेसचा मनोरा पडद्याबाहेर गेला की पाण्यातूनही नाहीसा होतो! नव्या रीतीत तो पाण्यात राहतो. येथे माग उलटा काढतात. डोळ्यापासून पडद्याच्या प्रत्येक बिंदूतून किरण सोडावयाचा, तो कशावर आदळला आणि तेथून दिव्याकडे वाट मोकळी आहे काय, हे पाहावयाचे. टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली प्रतिबिंबांसह ही रीत मांडली. परंतु पडद्यावर वीस लाखांवर बिंदू आणि सेकंदाला तीस-साठ चित्रे! एवढे गणित घरच्या यंत्राला पेलून मोठ्या खेळांत ही रीत येण्यास २०१८ साल उजाडले.

यंत्र अजून महाग आहे. ज्याला परवडत नाही त्याने खुशाल जुन्या रीतीने खेळावे. खेळाची गंमत केवळ प्रकाशात नसते. मात्र आपल्या मुलांनी ही विद्या नुसती विकत घेऊ नये, शिकावी. तिचा पाया शाळेतल्या भूमितीत आहे, आणि त्या भूमितीला पैसे पडत नाहीत.