घरातल्या घरात हरवलेलं



जगाच्या पाठीवरची गोष्ट आज आपण घटकाभरात शोधतो. पण आपल्याच संगणकात, आपणच जपून ठेवलेला कागद हवा तेव्हा सापडत नाही. असं का व्हावं?

संगणक बाहेरून एकच घर दिसत असला, तरी आत बिऱ्हाडं वेगवेगळी आहेत. पत्रांचं एक, फोटोंचं एक, गाण्यांचं एक, लेखनाचं आणखी एक. प्रत्येकाचं फडताळ वेगळं आणि त्यावरच्या चिठ्ठ्याही वेगळ्या. ई-मेलच्या बिऱ्हाडात ज्याला ‘प्रेषक’ म्हणतात, तोच लेखनाच्या बिऱ्हाडात ‘लेखक’ होतो, गाण्यांत ‘कलाकार’ आणि फोटोत नुसता एक चेहरा. माणूस एकच, पण हे एका बिऱ्हाडानं दुसऱ्याला सांगायचं कसं?

या चिठ्ठीला मेटाडेटा म्हणतात. म्हणजे माहितीविषयीची माहिती. ग्रंथालयात पुस्तकाचं कार्ड असतं, तसंच हे. १९९५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डब्लिन या गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यातून पुढे पंधरा रकान्यांची एक यादी तयार झाली. शीर्षक, निर्माता, विषय, तारीख, भाषा असे साधे रकाने. ‘डब्लिन कोअर’ या नावानं ती ओळखली जाते. सगळ्यांनी एकच रकाने वापरले, की एकाचं कार्ड दुसऱ्याला वाचता येतं, एवढीच त्यामागची कल्पना.

घरच्या कागदपत्रांसाठी असं काही असावं, हे स्वप्न त्याहून जुनं. व्हॅनिव्हर बुश या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९४५ साली एका लेखात ‘मेमेक्स’ नावाच्या टेबलाची कल्पना मांडली होती. पुस्तकं, पत्रं, टिपणं सगळं त्यात राहील आणि एका कागदावरून दुसऱ्या कागदाकडे जाणारी वाट माणसाला आखून ठेवता येईल. त्याचं म्हणणं असं, की आपलं मन अकारविल्हे चालत नाही, एका आठवणीवरून दुसरीवर जातं.

पुढे अनेकांनी हे करून पाहिलं. १९९०च्या दशकात ‘बीओएस’ या प्रणालीत प्रत्येक पत्र ही स्वतंत्र फाईल असे आणि कोणाचं, कोणत्या विषयाचं ही नोंद फाईलीलाच चिकटलेली असे. मायक्रोसॉफ्टनं २००३ साली ‘विन-एफएस’ची मोठी घोषणा केली. सगळ्या प्रोग्रामांची माहिती एका सामाईक कोठारात ठेवायची होती. २००६ साली तो बेत गुंडाळला गेला. ॲपलनं २००५ साली ‘स्पॉटलाइट’ आणलं. प्रत्येक प्रोग्रामनं आपल्या फायलींची माहिती ठरलेल्या रकान्यांत भरून द्यायची, अशी ती मधली वाट होती आणि ती टिकली. युरोपीय संघाच्या पैशातून २००६ ते २००८ या काळात ‘नेपोमुक’ हा प्रकल्प चालला. पत्रातला माणूस, पत्त्यांच्या वहीतला माणूस आणि फोटोतला माणूस एकच आहे, हे संगणकाला कळावं, अशी त्याची धडपड. ‘केडीई’ या मुक्त प्रणालीनं तो स्वीकारला आणि २०१४ साली त्याच्या जागी हलकी शोधयंत्रणा बसवली.

म्हणजे शब्द शोधणं साधलं, नाती जोडणं अवघड गेलं. यंत्राचा वेग वाढवता येतो. पण कशाला काय म्हणायचं, यावर दहा जणांचं एकमत करायला वेळ लागतो. माझंच पाहा. वडिलांची पत्रं उर्दूत, माझ्या कविता मराठीत आणि बँकेचे कागद इंग्रजीत. एकाच घराण्याचं आडनाव तीन लिप्यांत. हे एकच घर आहे, हे कोणी नोंदवून ठेवल्याशिवाय संगणकाला कसं कळणार?

मराठीपुढे तर याहून मोठा प्रश्न आहे. माझा एक कविमित्र वारला. आयुष्यभर त्यानं पावसावर लिहिलं. वहिनींनी त्याचा संगणक माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊजी, यांनी एवढं लिहिलं, ते गेलं कुठं?” आम्ही ‘पाऊस’ हा शब्द शोधला. एकही कविता मिळाली नाही. फायली उघडल्या, तर इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा नुसता कचरा. शेवटी छापखान्यात डीटीपी करणाऱ्या एका मुलानं तो जुना फॉन्ट शोधून आणला, तेव्हा ओळी दिसू लागल्या.

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन असंच होत असे. पडद्यावर ‘क’ दिसे, पण आत साठवलेलं असे ते रोमन अक्षर किंवा एखादं चिन्ह. देवनागरी फक्त फॉन्टच्या कपड्यापुरती. तो कपडा उतरला, की मराठी संपली. जगातली उत्तम शोधयंत्रणा आणली तरी तिला तिथं ‘पाऊस’ दिसणार नाही.

युनिकोडमध्येही सावध राहावं लागतं. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एकदा नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन, एकदा साध्या ‘र’ला अदृश्य जोडखूण लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण साध्या जुळवणीत संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

मग आपण करायचं काय? घरात, संस्थेत, छापखान्यात ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टमधलं लेखन आहे, त्यांनी ते युनिकोडमध्ये आणावं. त्यासाठी साधनं आहेत. मात्र रूपांतरानंतर मजकूर एकदा नजरेखालून घालावा, कारण वेलांट्या आणि रफार जागा सोडतात. प्रत्येक फाईलीत लेखकाचं नाव, साल, भाषा आणि विषय हे चार रकाने भरावेत. हे काम माहीतगार माणूस असतानाच व्हायला हवं.

मित्राच्या कविता आम्ही दोघांनी मिळून पुन्हा लावतो आहोत. निम्म्या झाल्या आहेत. कोणती कविता कोणत्या सालची, हे वहिनींना पाठ आहे. त्या सांगतात आणि मी रकाना भरतो.