संक्रांतीचा हलवा
(ज्ञातिसंस्थेच्या पुणे येथील तिळगूळ-समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणिसांनी केली, तेव्हा विषयही तिळगुळाच्या ताटातूनच उचलावा असे आम्ही ठरविले. आज आपल्या हाती पडलेला हा पांढराशुभ्र काटेरी हलवा आला कोठून, आणि त्याची आपणांस एवढी गोडी का, हाच आमचा विषय. जन्मभर खडू हाती धरलेल्याने पाकाविषयी बोलणे हे धाडस खरे. पण या कामी आमच्या गुरू आमच्या घरच्या स्त्रियाच आहेत.

प्रथम नावाविषयी. सतत हलवावा लागतो म्हणून हलवा, अशी व्युत्पत्ती वर्गातील मुले हमखास सांगत. ती गमतीची असली तरी खरी नव्हे. शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ केवळ ‘गोड पदार्थ’ असा आहे. १० व्या शतकात बगदाद येथे इब्न सय्यार अल-वर्राक याने सिद्ध केलेल्या पाकग्रंथात अशा गोड पदार्थांस मोठे स्थान आहे. तेथून हा शब्द इराणमार्गे हिंदुस्थानात आला आणि त्याबरोबर ‘हलवाई’ ही व्यवसायाची संज्ञाही रूढ झाली. आपल्या पुण्यात तर दगडूशेठ हलवाई यांच्या गणपतीमुळे ती संज्ञा आबालवृद्धांच्या मुखी आहे.

परंतु एवढ्यावरून हलवा सर्वस्वी परका मानणे योग्य होणार नाही. ज्या साखरेवाचून तो होत नाही, तिचे नाव आपल्या ‘शर्करा’ या शब्दावरूनच अरबांकडे ‘सुक्कर’ होऊन गेले, आणि आपला ‘खंड’ इंग्रजांच्या घरी ‘कँडी’ झाला. तिळाचे पीकही याच भूमीतले. हडप्पा येथील उत्खननात जळलेले तीळ सापडले आहेत. म्हणजे साखर आपण दिली आणि नाव आपण घेतले. असा हा व्यवहार आहे, आणि त्यात कोणासही कमीपणा नाही.

पुढे त्या नावाखाली किती पदार्थ नांदू लागले! गाजराचा हलवा, दुधी हलवा, पापुद्र्यासारखा पातळ माहीम हलवा, दक्षिणेत तिरुनेलवेलीचा गव्हाच्या सत्त्वाचा हलवा. उत्तरेत रव्याच्या हलव्यास हलवाच म्हणतात, आपण त्यास शिरा म्हणून सत्यनारायणापुढे ठेवतो. कोकणातील आमच्या बंधूंना हलवा म्हणताच मासा आठवेल, तो भाग निराळा! पश्चिम आशियात तिळाच्या वाटणाचाही हलवा करतात. मात्र एकेका तिळावर साखरेचा काटा फुलवून त्यास हलवा म्हणावे, ही आपली महाराष्ट्राची रीत.

हा काटा कसा येतो, हे नव्या पिढीतील पुष्कळांस ठाऊक नसेल. साखरेचा पाक करून, त्यात थोडे दूध घालून वर आलेली मळी काढून टाकतात. मंद निखाऱ्यावर परात ठेवून तीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा पसरतात. मग चमचा-चमचा पाक सोडीत बोटांनी दाणे हळुवार फिरवीत राहावयाचे. पाकातील पाणी उडते, साखरेचे बारीक कण दाण्यावर उरतात, आणि पुढचा पाक त्या कणांवर बसत जाऊन काटा वाढतो. पाक एकदम जास्त पडला तर दाणे एकमेकांस चिकटतात. आच वाढली तर साखर पिवळी पडते. हात जोराने फिरला तर आलेला काटा मोडतो. दमट हवेत काटा धरत नाही, म्हणून पौषातील कोरडी थंडी आणि पहाटेची वेळ यांची निवड. एका बैठकीत हे काम होत नाही. असे कित्येक दिवस बसावे लागते. उतावळ्याचे येथे काम नाही. धीराचा याहून चांगला पाठ आम्हांस क्रमिक पुस्तकात आढळला नाही.

आणि त्या हलव्याचे दागिने! नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीस काळ्या चंद्रकळेवर मंगळसूत्र, बाजूबंद, कमरपट्टा, बांगड्या. जावईबापूंस हार आणि हाती हलव्याचा नारळ. तान्ह्या बाळास बोरन्हाणाच्या वेळी मुकुट आणि बासरी. एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत धरून हे सर्व गुंफावे लागते. गरिबाच्या सुनेस सोन्याचा कमरपट्टा कोठला? पण हलव्याचा कमरपट्टा तिलाही मिळे आणि त्या एका दिवसापुरती ती कोणाहून उणी दिसत नसे. या दागिन्यांची खरी गोडी आम्हांस येथे वाटते.

आता थोडे कटू बोलणे भाग आहे; तिळगुळाच्या दिवशी बोलतो, म्हणून गोड करून घ्यावे. पहाटे उठून परातीजवळ बसणारे हात बहुधा कोणाचे असत? पूर्वीच्या मोठ्या कुटुंबांत ते पुष्कळदा घरातील विधवा आत्याचे किंवा काकूचे असत. दिवसच्या दिवस निखाऱ्याची धग सोसून सुनेचे दागिने त्यांनी घडवावेत आणि हळदीकुंकवाच्या वेळी मात्र त्यांनी माजघराच्या दाराआड उभे राहावे, अशी आपली चाल होती. चाल गेली असे आपण म्हणतो. पण हळदीकुंकवाचे बोलावणे पाठविताना काही नावे आजही गाळली जातात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. ज्या पुण्यात महर्षी कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, त्या पुण्यातील आपण रहिवासी. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. एक खेडे जे करू शकते, ते आपल्या सुशिक्षित ज्ञातीस अवघड का व्हावे?

म्हणून आमच्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली, संस्थेच्या संक्रांत-समारंभाचे निमंत्रण ज्ञातीतील प्रत्येक भगिनीस, सौभाग्यवती की विधवा हे न पाहता, एकाच शब्दांत जावे आणि वाण सर्वांस सारखेच मिळावे. दुसरी, ज्या वडीलधाऱ्या स्त्रियांस हलव्याची कला अवगत आहे, त्यांच्याकडून ती मुलींनी आणि मुलांनीही शिकून घ्यावी. तयार हलवा व दागिने आज तुळशीबागेत मिळतात, ते घेण्यास आमची हरकत नाही. ते घडविणाऱ्या कष्टाळू भगिनींचा संसार त्यावर चालतो. परंतु विकत घेणाऱ्यासही काटा कसा येतो हे ठाऊक असावे, म्हणजे तो किमतीत घासाघीस करणार नाही.

साखर एकीकडची, नाव दुसरीकडचे, काटा आपल्या घरच्या हातांचा, अशी हलव्याची कुळकथा आहे. ज्या हातांनी तो फुलविला, त्या हातांवर प्रथम तिळगूळ ठेवावा, इतकीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.