पाय आपले, रस्ता कोणाचा?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



खेळाच्या तासाला ‘पाय दुखतात’ म्हणून झाडाखाली बसणारी मी आज चालण्यावर बोलणार, हे ऐकून पीटीचे सर हसत असतील. हसा सर, तो हक्क तुमचाच!

दोन वर्षांपूर्वी माझी साखर सीमारेषेवर आली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी जिमचे पैसे भरले, घड्याळ घेतले. तीन आठवडे टिकले. मग स्वतःला आळशी म्हणून मोकळी झाले. पण सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षे काढल्यावर एक सवय लागते. शंभर जण एकच चूक करत असतील, तर दोष माणसांत नाही, रचनेत शोधायचा.

म्हणून फोनमधली पावले तपासली. एरवी दिवसाला तीन हजार. पण डायमंड गार्डनजवळ आईकडे राहिले की न ठरवता सात हजार! गुडघे तेच, आळस तोच. फरक गल्लीचा. तिथे भाजी, औषधे, देऊळ, बाग सगळे पायाखाली आणि वर झाडांची सावली. माझ्या टॉवरखाली मात्र फुटपाथवर बांधकामाचे पत्रे, समोर डंपर. मग गाडी काढायची, ती थेट ऑफिसच्या तळघरात. २०१३ साली ईस्टर्न फ्रीवे आला, २०१४ साली सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता. वेळ वाचला, हे खरेच. पण चालणाऱ्यासाठी त्या काळात काय वाढले, ते आठवून पाहा.

हे माझेच निरीक्षण नाही. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसमधल्यांचा अभ्यास छापला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये १० देशांतल्या १४ शहरांचा अभ्यास आला. चालायला सोयीच्या वस्तीतली माणसे गैरसोयीच्या वस्तीतल्यांपेक्षा आठवड्याला ६८ ते ८९ मिनिटे जास्त हालचाल करत होती. जवळ बागा, जवळ बस-रेल्वे, एकमेकांना जोडलेले रस्ते, दाट वस्ती, एवढेच त्यामागे होते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते. म्हणजे निम्मे काम वस्तीच करून देते!

आपल्या मैत्रिणींसाठी आणखी एक गोष्ट. पहाटे अंधाऱ्या रस्त्यावर एकटी बाई निघत नाही. चार जणी दिसल्या की पाचवी निघते.

आपण आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. मागच्या भेटीत आपण मुलांच्या मार्कांबद्दल बोललो, या वेळी बीपीच्या गोळ्यांबद्दल. पुढच्या भेटीत खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत, म्हणून दोन विनंत्या करते.

पहिली मुख्याध्यापकांना. शाळा भरण्याआधी सकाळी तासभर मैदान माजी विद्यार्थ्यांना आणि शेजाऱ्यांना उघडे ठेवता येईल का? रखवालदाराचा खर्च आमची बॅच उचलेल. दुसरी चेंबूरमध्ये राहणाऱ्या सर्वांना. आपापल्या दारासमोरच्या अडलेल्या फुटपाथचा फोटो काढा. शंभर सह्यांचे एकच निवेदन घेऊन आपण मिळून वॉर्ड ऑफिसला जाऊ.

आणि हो, जाऊ ते चालतच!