शिकलेले आणि केलेले

संगणकाच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या मुलाने पदवी घ्यावी, की लवकर कामाला लागून अनुभव मिळवावा, असे अनेक पालक मला विचारतात. मी सरकारी नोकर. तेव्हा याचे उत्तर माझ्यापाशी एखाद्या परिपत्रकात असेल, अशी त्यांची समजूत असावी. परिपत्रके पुष्कळ आहेत. उत्तर मात्र त्यांत नाही.

अनुभवाचा पक्ष घेणारे पूर्वसूरींचा दाखला देतात. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक सुरू झाला, तेव्हा आपल्या देशात संगणकशास्त्राची पदवी कोठेच मिळत नव्हती. कानपूरच्या आय. आय. टी.त या विषयाचे अध्यापन सुरू झाले ते पुढे, १९६३च्या सुमारास. दाखला खरा आहे. पण टिफ्रॅकच्या कामाची धुरा वाहणारे डॉ. आर. नरसिंहन गणितात डॉक्टरेट मिळवून आले होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. त्या विषयाची पदवी नव्हती इतकेच, विद्या होतीच.

माझ्या एका कचेरीत निवृत्तिवेतनाच्या सुमारे दहा लाख नोंदी संगणकावर होत्या. ते काम कंत्राटावर नेमलेला, बारावीपर्यंत शिकलेला एक तरुण पाहत असे. महिनाअखेरीस एक नाव शोधायला यंत्र इतका वेळ घेई, की रांगेतले वृद्ध भिंतीला टेकून बसत. त्याने यावर आपल्या परीने उपाय काढला होता. लागणारी नावे तो आदल्या रात्री जागून शोधून ठेवी. पुढे अभियांत्रिकीची पदवी घेतलेली एक मुलगी तेथे रुजू झाली. तिने एका दुपारी त्या नोंदींना क्रमवार सूची जोडली आणि रांग ओसरली. ती मला म्हणाली, "सर, विस्कळीत दहा लाख नोंदींत एक नाव हुडकायचे, तर दहा लाख वेळा पाहावे लागेल. क्रम लावलेला असेल, तर दर खेपेस निम्म्या नोंदी बाजूला पडतात आणि वीस खेपांत नाव सापडते." वीस! मी इतिहासाचा एम. ए.; तरी कागदावर निमपट करीत गेलो आणि हिशेब बरोबर आला.

त्याच वर्षी पावसाळ्यात यंत्राची तबकडी निकामी झाली. नोंदींची नक्कल ठेवावी हे त्या मुलीला ठाऊक होते, ती रोज ठेवलीही जात होती. पण आता उघडून पाहिली, तो ती अर्धवट! आम्ही वाचलो ते त्या तरुणामुळे. दर शुक्रवारी तो आपली एक वेगळी नक्कल घेई आणि अडगळीतल्या जुन्या यंत्रावर ती उघडून, दहाबारा नोंदी वाचून मगच घरी जाई. हे कोणी शिकवले, असे विचारल्यावर म्हणाला, "साहेब, पूर्वी एका दुकानात असताना एकदा हात पोळले होते."

पुढे तेथे कायम पदाची जाहिरात निघाली. अर्हता पदवीची होती. त्याचा अर्ज छाननीतच बाद झाला आणि त्या टिपणीखाली सही माझी होती. नियम वेडगळ आहे असे मी म्हणणार नाही. अनुभवाचा दाखला कोणीही लिहून देतो. पदवीमागे निदान एक परीक्षा असते. परंतु अनुभवाचीही परीक्षा घेता येते, ती घेण्याची तसदी आपण घेत नाही, ही माझी तक्रार आहे. एक यंत्र बिघडवून उमेदवारापुढे तासभर ठेवायला कितीसा खर्च येतो? माझ्या इतिहासाचा तर मसुदा लिहिताना मला काडीचाही उपयोग झाला नाही. ती विद्या मला एका वृद्ध अधीक्षकांनी शिकवली, आणि ते मॅट्रिक होते.

पूर्वी 'डोएक' म्हणून ओळखली जाणारी आणि २०११पासून 'नाइलिट' म्हणवणारी सरकारी संस्था 'ओ', 'ए', 'बी', 'सी' अशा स्तरांच्या परीक्षा घेते. महाविद्यालयात नाव न घालताही त्यांना बसता येते. तो तरुण अजून कंत्राटावरच आहे; पण त्याने 'ओ' स्तराचा अर्ज भरला आहे आणि मधल्या सुटीत तीच मुलगी त्याला शिकवते. परवा तो वही घेऊन माझ्याकडे आला.

"साहेब, नोंदी एक कोटी झाल्या तर किती खेपा?"

दहापट नोंदी, म्हणजे दोनशे असतील, असे मी म्हणालो.

"चोवीस," तो म्हणाला, आणि वही माझ्यापुढे सरकवली.