बंधन की जीवदया? शस्त्रक्रियेनंतरचे दहा दिवस

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जीवदया या विषयावर समाजात भाषणे पुष्कळ होतात. पर्वकाळात पांजरपोळीसाठी देणग्यांचे आकडे पुकारले जातात, चारा-पाण्याची सोय होते आणि ते योग्यच आहे. आजचा विषय त्या मानाने अगदी लहान वाटेल. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याला स्वतःची जखम चाटू न देणे, हा तो विषय होय. प्रथम ऐकताना कोणास हसूही येईल. परंतु दयेची खरी कसोटी देणगीच्या पावतीपेक्षा अशाच लहानशा, कंटाळवाण्या आणि रोज करावयाच्या कामात लागते. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर या विषयाला स्थान मिळावे, हे उचितच आहे.

व्यापारी समाजाचे आणि कुत्र्याचे नाते जुने आहे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत सरकारी हुकमाने भटकी कुत्री मारण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा कोट भागात पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि हिंदू व जैन व्यापाऱ्यांनीही त्याला साथ देऊन दुकाने बंद ठेवली. त्यातूनच पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. कोल्हापुरातही पांजरपोळ हे नाव एका परिसरालाच कायमचे मिळालेले आहे. पूर्वजांनी मुक्या जिवाचे प्राण वाचविण्यासाठी दुकानाच्या फळ्या लावल्या, धंद्याचे नुकसान सोसले. आजच्या पिढीपुढे प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे.

आज कुत्र्यावर शस्त्रक्रिया होणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. २००१ च्या केंद्रीय नियमांनी भटकी कुत्री न मारता त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्याची पद्धत आणली आणि २०२३ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. रस्त्यावर ज्या कुत्र्याच्या कानाचा छोटासा तुकडा कापलेला दिसतो, ते या शस्त्रक्रियेतून गेलेले असते. घरी पाळलेल्या कुत्र्यांचीही निर्बीजीकरणाची, गाठ काढण्याची, मोडलेले हाड बसविण्याची शस्त्रक्रिया होते. शस्त्रक्रिया तास-दोन तासांत आटोपते. खरी परीक्षा मात्र त्यानंतरच्या दहा ते चौदा दिवसांत असते, आणि ती डॉक्टरांची नसून घरच्या माणसांची असते.

कुत्रा जखम का चाटतो?

चाटणे हा कुत्र्याचा उपजत स्वभाव आहे. वेदना झाली, ओल जाणवली, खाज सुटली की त्याची जीभ तेथे जाते. कुत्र्याच्या लाळेने जखम भरते, असा समज आपल्याकडे आहे, तसाच तो जगभर आहे. प्राचीन ग्रीस देशात एपिडॉरस येथील आरोग्यदेवतेच्या मंदिरातील कुत्री रोग्यांच्या जखमा चाटत, असे सांगितले जाते. या समजुतीत सत्याचा अंश नाही असेही नाही. १९९० मध्ये हार्ट व पॉवेल या अमेरिकन संशोधकांनी तपासले, तेव्हा कुत्र्याच्या लाळेने दोन जातींचे जंतू मरतात असे आढळले. परंतु जखमेत पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकस या जंतूवर तिचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. शिवाय त्याच तोंडात इतर अनेक जंतूंचा कायमचा मुक्काम असतो.

रानात काट्याने झालेली, माती भरलेली उघडी जखम आणि डॉक्टरांनी स्वच्छ करून टाक्यांनी मिटविलेली जखम, यांत मोठा फरक आहे. पहिलीतील घाण चाटून निघते, एवढाच काय तो लाभ. दुसरीत काढण्यासारखी घाणच नसते. तेथे जीभ लागली की कातडी ओली होऊन मऊ पडते, नुकत्याच जुळू लागलेल्या कडा सुटतात आणि तोंडातील जंतू आत शिरतात. त्याहून मोठा धोका पुढच्या दातांचा. बारीक टाका ओढून तोडण्यास कुत्र्याला काही क्षण पुरतात. पोटावरील टाके असे तुटले आणि आतील थरही उघडला, तर आतडी बाहेर येऊन प्राणावर बेतते. साधारणपणे दुसऱ्या आठवड्यात जखम भरत येते तेव्हा तिला खाज सुटते. घरच्यांना वाटते, 'आता बरे झाले', आणि नेमके त्याच वेळी कुत्रा अधिक चाटू लागतो. म्हणून टाके काढून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत पहारा ढिला करू नये.

धर्मदृष्टीने एक शंका

जखम चाटू नये म्हणून कुत्र्याच्या गळ्यात नरसाळ्याच्या आकाराची प्लॅस्टिकची कॉलर घालतात. सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी गळ्याभोवती मोठ्या चुणीदार झालरी घालण्याची रीत होती. त्यावरून तिला एलिझाबेथन कॉलर असे नाव पडले. ही कॉलर घातलेला कुत्रा दाराला धडकतो, मान खाली घालून बसतो, केविलवाण्या नजरेने पाहतो. मग घरातील एखादी मायाळू व्यक्ती म्हणते, "अहो, मुक्या जिवाला असे जखडून ठेवणे हे पाप नाही का? घटकाभर काढू या." त्या घटकेतच टाका तुटतो.

ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत पहिलाच 'बंध' म्हणजे जिवाला बांधून त्याच्या हालचालीस अडथळा करणे हा आहे. वध म्हणजे मारहाण, छेद म्हणजे अवयव कापणे, अतिभारारोपण म्हणजे झेपेल त्याहून अधिक ओझे लादणे आणि अन्नपाननिरोध म्हणजे खाणेपिणे अडविणे, हे उरलेले चार. मग कॉलर हा बंध नव्हे काय, आणि शस्त्रक्रिया हा छेद नव्हे काय?

उत्तर हेतूत आणि सावधपणात आहे. जैन विचारात हिंसेचे मूळ प्रमादात मानले आहे. चोराची सुरी आणि वैद्याची सुरी दोन्ही कापतात, पण दोघींचे फळ एक नाही. ज्याला आपले हित कळत नाही अशा जिवाला, त्याच्याच हितासाठी, ठरावीक दिवस आणि आवश्यक तेवढेच आवरणे हा क्रौर्याचा बंध होऊ शकत नाही. लहान मुलाच्या हातातील विळी काढून घेणाऱ्या आईला कोणी निर्दय म्हणत नाही. उलट, डोळ्यांसमोरचे दुःख पाहवत नाही म्हणून कॉलर काढणे हा स्वतःच्या मनाला बरे वाटावे म्हणून केलेला लाड आहे, आणि त्याची किंमत त्या जिवाला मोजावी लागते. निर्बीजीकरण करावे की करू नये याविषयी समाजात मतभेद आहेत. तो स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. एकदा जखम झाल्यावर ती जपण्याविषयी मात्र दुमत असण्याचे कारण नाही.

तथापि हेच पाच अतिचार कॉलर घालणाऱ्यालाही सावध करतात. कॉलर इतकी घट्ट की गळा काचतो, तर तो बंधच होय. कॉलर घालून ताट जमिनीवर ठेवले आणि कडा टेकल्यामुळे कुत्र्याचे तोंड पाण्यापर्यंत पोचलेच नाही, तर न कळत अन्नपाननिरोध घडला. चाटल्याबद्दल त्याला फटका मारला, तर तो वध. दयेला ज्ञानाची जोड हवी, ती येथे.

कॉलर कशी असावी?

कॉलरची कड कुत्र्याच्या नाकाच्या टोकापुढे दोन-तीन बोटे यावी, म्हणजे मान वळवूनही जीभ जखमेपर्यंत पोचत नाही. गळा आणि कॉलर यांमध्ये दोन बोटे सहज जातील इतकीच ती सैल असावी. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात कारवानी कुत्री पुष्कळ पाळतात. त्यांचे डोके निमुळते आणि मान लांब असल्यामुळे कॉलर डोक्यावरून निसटते. म्हणून ती नेहमीच्या गळपट्ट्यात ओवून बसवावी. रात्री कॉलर काढू नये, कारण सर्वांच्या झोपेत कुत्र्याला पूर्ण मोकळीक मिळते. खाण्याचे भांडे कॉलरच्या तोंडापेक्षा लहान घेऊन पाटावर किंवा विटेवर उंच ठेवावे. तरीही खाता येत नसेल तर जेवणापुरती कॉलर काढावी, पण माणसाने जवळून हलू नये. फोनची घंटा वाजली तरी आधी कॉलर, मग फोन. कॉलरची आतील बाजू रोज पुसावी आणि गळ्याला घासून लाली आली आहे का, ते पाहावे.

कापडाचा उपाय

पोटाच्या किंवा छातीच्या जखमेसाठी अंगरख्यासारखे कापडही चालते. येथे कापडाची निवड महत्त्वाची आहे. मागावर विणलेले पॉपलिन किंवा मांजरपाट ताणले जात नाही. ते बसता-उठता काचते किंवा सरकते. बनियनला वापरतात ते होजिअरीचे सुती कापड दोन्ही बाजूंनी ताणते, अंगाबरोबर हलते आणि ओल शोषून घेते. टेरिलीन, नायलॉन यांत ऊब व दमटपणा कोंडतो आणि जखम ओली राहते. घरातील जुना, धुऊन मऊ झालेला सुती टी-शर्ट घ्यावा; गळ्यातून डोके, बाह्यांतून पुढचे पाय काढावेत आणि मागचे टोक पाठीवर सैलसर गाठ मारून आवळावे. लघवी-शौचाची जागा मोकळी राहिली पाहिजे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून असे तीन-चार जोड तयार ठेवावेत. ओला कपडा क्षणभरही अंगावर ठेवू नये. काही कुत्री कापडावरूनच चाटून ते भिजवितात वा फाडतात. त्यांना कॉलरला पर्याय नाही.

पायाच्या जखमेवर मोजा घालता येतो. मात्र तो रबर बँडने कधीही बांधू नये. केसांत लपलेले रबर रक्तप्रवाह थांबविते आणि पाय गमवावा लागतो.

काय करू नये?

जखमेभोवती मिरचीपूड लावणे हा उपाय कोणी सुचविला तर तो तत्काळ नाकारावा. तो उपचार नसून यातना आहे. हळद-तूप लावल्यास कुत्रा तुपासाठी अधिकच चाटतो. माणसांची मलमे लावू नयेत, कारण चाटलेले मलम पोटात जाते आणि झिंक ऑक्साइडसारखी द्रव्ये पोटात गेल्यास कुत्र्याला विषबाधा होते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, कुत्र्याला घातक आहेत. टाके निघेपर्यंत आंघोळ, धावपळ, जिन्याची चढ-उतर आणि इतर कुत्र्यांशी मस्ती बंद ठेवावी.

जखम दिवसातून दोनदा उजेडात पाहावी. किंचित सूज पहिले काही दिवस असते. लाली वाढत जाणे, पू, दुर्गंधी, रक्त, सुटलेला टाका, अन्न नाकारणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखवावे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. त्यामुळे नुसते अंग गरम लागणे म्हणजे ताप नव्हे. पोटाचा टाका उघडून आतील भाग दिसू लागल्यास स्वच्छ ओल्या कपड्याने झाकून त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

रस्त्यावरचा जीव

कॉलर घातलेला भटका कुत्रा रस्त्यावर सोडणे धोक्याचे आहे. तो वाहन चुकवू शकत नाही, कचऱ्यात अडकतो, इतर कुत्र्यांच्या हल्ल्यात सापडतो. म्हणून जखम सुकेपर्यंत त्याला आत ठेवणे हाच खरा मार्ग. जो जीवदयाप्रेमी अशा कुत्र्याला शस्त्रक्रियेसाठी नेतो, त्याने शस्त्रक्रियेच्या खर्चाबरोबरच नंतरच्या मुक्कामाची सोयही आधी ठरवावी. जागा नसेल तर तातडी नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलणे बरे.

सेवा करणाऱ्याने स्वतःलाही जपावे. कुत्र्याने माणसाची उघडी जखम चाटली तरी रेबीजचा धोका संभवतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने अशा संपर्काची गणना गंभीर वर्गात केली आहे. तसे झाल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

शेवटी एक सूचना ट्रस्टपुढे ठेवावीशी वाटण्याजोगी आहे. लहान-मोठ्या चार मापांच्या काही कॉलर आणि धुतलेल्या सुती होजिअरी कपड्यांचा एक गठ्ठा कार्यालयातील एका कपाटात ठेवावा. ज्याला गरज असेल त्याने वहीत नोंद करून न्यावे आणि काम झाल्यावर साबणाने धुऊन परत आणावे. यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. घरोघरी पडून राहिलेले जुने बनियन आणि थोडी शिस्त पुरेशी आहे. पूर्वजांनी मुक्या जिवासाठी दुकाने बंद ठेवली; त्यांच्या वारसांनी दहा दिवस एका कुत्र्याकडे लक्ष ठेवावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

जय जिनेंद्र!