वालाचा मांडव आणि पावसाळी वारा

हातातलं काम चालू राहू द्या, ऐकता ऐकता होईल.

आज परसातल्या वालाबद्दल बोलू. थंडीत कळण्याची भाकरी आणि वालाच्या शेंगांची भाजी आपल्या खानदेशात कोणाला नको असते? पण शेंग ताटात येते थंडीत, आणि वेल सांभाळावा लागतो पावसाळ्यात. त्या दिवसांतला वारा मी तुम्हाला काय सांगणार! साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. आणि रावेर-यावलकडच्या बहिणींनी तर उभी केळी एका वादळात आडवी झालेली पाहिली आहे.

माझी चूक आधी सांगते. आईने लग्नानंतर पदराला बांधून दिलेलं वालाचं बी मी दरवर्षी लावायची. एका वर्षी वारा फार म्हणून मी मांडवाच्या पश्चिमेला खताची रिकामी पोती शिवून घट्ट पडदा बांधला. वाटलं, आता वारा शिरणारच नाही. श्रावणातल्या एका रात्री त्या पडद्यात वारा भरला, शिडात भरतो तसा. पडद्याने बांबू ओढले, बांबूंनी मांडव ओढला, आणि सकाळी सगळे वेल चिखलात. त्यातून वाईट म्हणजे मी सगळं बी पेरलं होतं. डब्यात एक दाणा शिल्लक नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "वाऱ्याला भिंत दाखवू नये बाई, चाळणी दाखवावी."

त्यांचं खरं आहे. भक्कम आडोशाला वारा धडकतो, वरून उडी मारतो आणि मागे येऊन गिरक्या घेतो. निम्मी जागा मोकळी असलेल्या कुडातून तोच वारा गाळून, मंद होऊन येतो. केळीवाले शेतकरी बागेभोवती दाट शेवरी लावतात, ती याचसाठी. शेवरी वाकते, वारा मोडते, पण पूर्ण अडवत नाही.

आता परसात काय करायचं ते ऐका.

आधी वारा कुठून येतो ते बघा. काठीला चिंधी बांधून आठ दिवस रोवून ठेवा. पावसाळ्यात तो बहुतेक पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो, पण घराच्या बोळातून वळूनही येतो. त्या बाजूला वाफ्यापासून तीन-चार हात सोडून तुराट्यांचा विरळ कूड करा. पऱ्हाट्या मात्र वापरू नका. जुन्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी लपून राहते आणि पुढच्या कपाशीवर जाते. जागा असेल तर शेवरीची किंवा मक्याची एक ओळ लावा. पुढे शेवरीचा पाला शेळीलाही होईल.

मांडव बी टोकायच्या आधी उभा करा. नंतर पहार मारली तर मुळं तुटतात. बांबू दीड ते दोन फूट खोल गाडा आणि बुडाशी दगड ठोकून माती दाबा. उंची आपला हात पोचेल एवढीच ठेवा. मांडव जितका उंच, तितका वाऱ्याचा हिसका जास्त. कोपऱ्याच्या बांबूंना वाऱ्याच्या बाजूने दोरीचा ताण देऊन खाली खुंटी ठोका. दर पावसानंतर माती मऊ होते, तेव्हा बांबू हलवून बघा.

वेल बांधताना सुतळी आवळू नका. वाऱ्याने वेल हलतो आणि सुतळी त्याला कापते. जुन्या सुती लुगड्याची रुंद पट्टी किंवा केळीचा वाळलेला सोप घ्या. आधी बांबूला, मग सैल करून वेलाला, अशी आठाच्या आकड्यासारखी गाठ मारा. वेल ज्या बाजूने वळतो त्याच बाजूने वळवा. उलटा गुंडाळला तर तो सुटून येतो. बुडाशी मातीची भर दिली की मूळ डुगडुगत नाही.

आणि एवढं करूनही मांडव पडला, तर वेल उपटून फेकू नका. आधी बांबू उभे करा, माती ओली असतानाच वेल हळूच उचला, मोडका भाग कापा, भर द्या. मूळ शाबूत असेल तर बुडातून नवे फुटवे येतात.

माझे वेल तर मुळासकट गेले होते. पण दोन वर्षांपूर्वी मी शेजारच्या जाऊबाईंना मूठभर बी दिलं होतं. त्यांनी त्यातलं निम्मं मला परत दिलं. मी म्हटलं, आता श्रावणात लावून काय उपयोग? त्या म्हणाल्या, लाव तर खरं. आपला देशी वाल दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतो, मग तो जूनमध्ये लावलेला असो की ऑगस्टमध्ये. माझे वेल लहान राहिले, शेंगाही कमी आल्या, पण फुलले सगळ्यांच्याच बरोबर. त्या शेंगांतली पहिली वाळलेली मूठ मी डब्यात राख घालून ठेवली आणि मगच भाजी केली.

म्हणून बहिणींनो, सगळं बी एकदम पेरू नका. थोडं डब्यात ठेवा आणि थोडं गटातल्या दुसरीच्या घरी ठेवा. बैठकीला हप्ता आणता, तशी एकदा आपापल्या वालाची पुडीही आणा. एकीचा मांडव वाऱ्याने नेला, तर दुसरीच्या घरून बी परत मिळेल. माझ्या आईचं बी असंच वाचलं.

बरं, आता उठते. राम राम.